बांधाखालची खुशाली

बांधाखालची वसाहत
ता. ९ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि त्याच दिवशी वर्तमानपत्रात तुझा फोटोही आला. फौजेची टोपी काढून ठेवलीस आणि मंत्री झालास! फोटोत तू साध्या कोटात आहेस. शेजारी खाणीत ड्रिल मशीन चालवणारे एक गृहस्थ राहतात, त्या ड्रिलवाल्यांना तू ओळखूच आला नाहीस. हा विम्याचा एजंट कोण म्हणून विचारत होते. परवापर्यंत हा अख्ख्या सैन्याचा प्रमुख होता आणि माझा धाकटा भाऊ आहे, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरी त्यांचा विश्वास बसलाय असं मला वाटत नाही.

माझी दवाखान्यातली नोकरी अजून तीन वर्षं आहे. खाणीच्या वसाहतीत नर्सला एक सुख असतं, काम कमी म्हणून कधी रडावं लागत नाही. बाळं जन्मतात, बोटं चिरडतात, म्हातारे खोकतात. माझं घर अजून शेवटच्या आळीतच आहे, बांधाच्या पायथ्याशी. खाणीतला गाळ साठवायचा तो बांध. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की समोर त्याची भिंत. आळीतल्या बायका तिला सासूबाई म्हणतात, कारण ती दिवसभर मागून स्वयंपाकघरात डोकावत असते.

आईचा नियम आठवतो ना? आघाडीवरच्या माणसाला वाईट बातमी लिहायची नाही. बाबा गेले तेव्हा तू डोंगरात लढत होतास, आणि लढाई संपेपर्यंत आई प्रत्येक पत्रात लिहीत राहिली की बाबा झोपलेत, उठले की लिहितील. तू परत आलास, उंबऱ्यावर बूट काढलेस आणि बाबा अजून झोपलेत का असं विचारलंस. पण नंतर तूच आईला म्हणालास की बरं केलंस, कळलं असतं तर माझा हात थरथरला असता. तेव्हापासून आपल्या घरात हा नियम पक्का झाला. सरकार म्हणजे आघाडीच की. तेव्हा इकडे सर्व खुशाल, असंच मी लिहीत जाईन.

लोभ आहेच, तो मंत्र्यांच्या गर्दीत हरवू देऊ नकोस.

तुझी,
ताई

राजधानी
ता. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विम्याचा एजंट वाचून मी इतका हसलो की बाहेर बसलेला सचिव धावत आत आला. त्याला वाटलं मला काही झालं. या इमारतीत हसण्याचा आवाज फारसा येत नसावा.

फौजेत हुकूम दिला की काम होतं. इथे हुकूम दिला की समिती होते. पहिले काही महिने माझा जीव कासावीस झाला, आता सवय झाली. लाकडी कपाटं, मोठी टेबलं, आणि फाईल पुढे ढकलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघण्याची कला, एवढं आलं की राज्यकारभार येतो. मी शिकतोय.

तुमच्या वसाहतीची एक फाईल परवा माझ्या टेबलावर आली. तुमच्या खाणीतला धातू तोफांना लागतो, म्हणून ती माझ्या खात्याकडे. गाळाच्या बांधाची भिंत आणखी उंच करायची परवानगी हवी होती. भिंत वाढली तर खाण चालेल, खाण चालली तर वसाहत राहील आणि तुझा दवाखानाही. बाजूच्या खात्याने समासात एक शंका काढली होती. पण तू इतकी वर्षं त्या भिंतीच्या पायथ्याशी राहतेस आणि कधी एका शब्दाने कुरकुरली नाहीस. आपल्या घरात कुरकुरायचा हक्क सगळ्यात जास्त तुझाच. म्हणून मी निःशंक मनाने सही केली.

तुझ्या भाचीचं कॉलेज चालू आहे. तिची आई म्हणते की पोरगी आत्यावर गेली, उलट उत्तरं देते.

आशीर्वाद असू द्यावा, आणि चेष्टाही चालू ठेवावी.

तुझा,
भाऊ

बांधाखालची वसाहत
ता. १७ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मंत्रिपद संपलं आणि तू राजदूत होऊन समुद्रापलीकडे गेलास, तेव्हापासून तुझी पत्रं छान जाड कागदावर येतात. मजकूर मात्र पातळ. काय जेवलास ते लिहितोस, झोप लागते का ते लिहीत नाहीस.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण आळीला ते मान्य नाही. कुणाच्या पोटात दुखलं की अजून माझंच दार वाजतं. ड्रिलवाल्यांना दम्याने धरलंय. आयुष्यभर दगडाची धूळ खाल्ली, ती आता वसूल होतेय. बसून राहतात, चार पावलं चालले की थांबतात. तोंड मात्र थांबत नाही.

तुझ्या सहीने सासूबाईंची उंची वाढली हो. ऊन आता दुपारीच तिच्या मागे जातं. कपडे वाळत नाहीत, म्हणून बायका तुझ्या नावाने बोटं मोडतात. मी म्हणते त्याला नका बोलू, तो तुमच्या चादरींसाठी नव्हे, देशासाठी सही करतो. घरामागची जमीन ओलसर राहते अलीकडे. सासूबाईंना घाम सुटतो असं आम्ही म्हणतो. उंची वाढली की वजन वाढतं, वजन वाढलं की घाम येतो, दवाखान्यात मी हे रोज पाहिलंय. काळजीचं काही नाही. मी तिथे पुदिना लावलाय, जोरात आलाय.

तू जप. तुझा आवाज फोनवर बसका वाटला. लोभ जाड कागदावर नको, साध्या कागदावर चालेल.

तुझी,
ताई

दूतावास
ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झोप लागते. म्हणजे लागत नव्हती, आता लागते. हिच्या जाण्याला आता वर्ष होईल. घर एवढं मोठं की जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नाही. पण तुझी भाची इथेच डॉक्टरशी लग्न करून राहिली आहे, रविवारी येते आणि माझ्यावर ओरडते. तेवढाच घरगुतीपणा.

इथली भाषा मला अजून जड जाते. शब्द येतात, पण इथे 'नाही' कुणी म्हणतच नाही. नाही म्हणायचं असेल तर विचार करू म्हणतात, आग लागली असेल तर हवा उबदार आहे म्हणतात. सगळे साखर पेरत असतात. आधी राग यायचा. आता मीही पेरतो, आणि लोक म्हणतात की हा मूळचा सैनिक वाटत नाही. ही स्तुती असावी.

एक बातमी. तुमची खाण इथल्या एका मोठ्या कंपनीने घेतली. बोलणी मीच जुळवून दिली. आता त्यांनी मला विचारलंय की राजदूतपद संपल्यावर आमचे अध्यक्ष व्हाल का. त्यांना असा माणूस हवा आहे ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात. मी हो म्हणायच्या विचारात आहे. निदान तुझ्या आळीत वर्षातून एकदा कामानिमित्त तरी येईन.

पुदिना आला हे वाचून बरं वाटलं. तुझ्याकडून नेहमी चांगलंच कळतं, याचा मला किती आधार आहे हे तुला ठाऊक नसेल.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्यावा.

तुझा,
भाऊ

बांधाखालची वसाहत
ता. ११ फेब्रुवारी

चि. अध्यक्षमहाशयांस,
अ. उ. आ.

आलास काय, गेलास काय! चहा अर्धा टाकून उठलास. तुझ्या मागे ती काळ्या कोटातली माणसं घड्याळं बघत उभी, त्यांच्यापुढे मी तरी काय बोलणार? तू खूप थकलेला दिसलास. कानामागचे केस पांढरे झालेत. बाबांचे असेच झाले होते.

भाषण मात्र झकास केलंस. भिंत पुन्हा वाढणार, काम वाढणार, आणि हा बांध माझ्या छातीसारखा भक्कम आहे असं म्हणून तू छातीवर हात मारलास तेव्हा ड्रिलवाल्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या सलाम ठोकला. तुझ्यावर आता त्यांचा पक्का विश्वास बसलाय. आळीतले दोघे-तिघे वसाहत सोडून वरच्या गावात खोल्या बघत होते, त्यांनी बेत रद्द केला. जनरल खोटं बोलणार नाही म्हणाले.

एक विचारते. समारंभासाठी माझ्या घरामागे हिरवा गालिचा अंथरला होता, तिथे तू उभा होतास. तुझ्या बुटांना काही जाणवलं का? उगाच विचारते. पुदिना गालिच्याखाली गेला, पण तो काय, पुन्हा येईल. इकडे सर्व खुशाल.

मोजणीसाहेब तुला भेटायला धडपडत होते. भिंतीत नळ्या घालून ते पाण्याची पातळी मोजतात, सज्जन माणूस. गर्दीत त्यांना कुणी पुढे येऊ दिलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. बढती मिळाली म्हणतात, पण निरोप घ्यायला आले तेव्हा चेहरा बढतीचा नव्हता.

पुढच्या वेळी चहा पूर्ण प्यायचा, ही ताकीद समज. लोभ अर्धा टाकून उठू नकोस.

तुझी,
ताई

कंपनीचं मुख्य कार्यालय
ता. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बुटांना जाणवलं. गालिचा चपचपत होता. मी लगेच मुख्य अभियंत्याला विचारलं. तो म्हणाला की साहेब, तुमच्या सन्मानार्थ धूळ उडू नये म्हणून सकाळी पाणी शिंपडलं होतं. मला ते पटलं. फौजेतही मी पाहणीला जायचो तेव्हा रस्ते शिंपलेले असायचे. इतकी वर्षं मी शिंपलेल्याच रस्त्यांवरून चालत आलोय.

इथे माझी खोली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. काचेच्या भिंती, आवाज शून्य. दर तिमाहीला अहवाल येतो, त्यात तुमच्या बांधापुढे हिरवा ठिपका असतो. मोजणीसाहेबांचं विचारलं, तर ते चांगल्या जागी गेले असं कळलं. तू काळजी करू नकोस. भिंतीबाबत खरंच काही असतं तर तू लिहिलंच असतंस.

तुझ्या भाचीला दिवस गेलेत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. आत्याला बोलवा म्हणते. तू येशील का? तिकीट मी काढतो. थोडे महिने इकडे राहा, हवापालट होईल.

आशीर्वादांची गरज आता पुढच्या पिढीलाही आहे.

तुझा,
भाऊ

बांधाखालची वसाहत
ता. १४ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

खरंच काही असतं तर मी लिहिलंच असतं, हे तुझं वाक्य वाचल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. भाऊ, मी नसतं रे लिहिलं. बाबा गेले तेव्हा तरी कुणी लिहिलं होतं?

म्हणून आता लिहिते. धूळ उडू नये म्हणून पाणी कुणीही शिंपडलं नव्हतं. माझ्या घरामागे दोन वर्षं चिखल आहे. पुदिना त्यातच वाढला. आधी पाझर स्वच्छ यायचा, आम्ही त्याने अंगण धुवायचो. गेल्या आठवड्यापासून पाणी गढूळ येतंय, राखाडी, खाणीच्या गाळाच्या रंगाचं. मी इंजिनियर नाही. पण जखमेतून आधी पाणी येतं आणि मग पू येतो, तेव्हा आत काय चाललंय ते मला कळतं. माझं मागचं दार चौकटीत बसेनासं झालंय. मोजणीसाहेब जाताना मला एवढंच म्हणाले की बाई, तुमच्या भावाला तीनदा कळवलं, उत्तर नाही. मी ते तुला कळवलं नाही. तू थकलेला होतास ना!

व्यवस्थापकांच्या बायकोने मुलांच्या शाळेसाठी म्हणून शहरात बिऱ्हाड केलं. मग मुख्य अभियंत्याच्या बायकोने. एकाच महिन्यात दोघींना शिक्षणाची एवढी ओढ लागली. कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझ्या घरामागे रोज दिसतंय.

भाचीकडे मी येणार नाही. मी गेले तर आळी म्हणेल जनरलने बहिणीला हलवलं आणि आम्हाला छातीवर हात मारून दाखवला.

आईचा नियम मी मोडतेय, पण खरं तर मोडतही नाही. आघाडीवरच्या माणसाला वाईट बातमी लिहायची नाही, असा तो नियम. तू आघाडीवर नाहीस, भाऊ. किती वर्षं झाली, तू मागे आहेस. आघाडीवर मी आहे. आघाडीवरून आलेली बातमी तू फौजेत असताना वाचायचास ना? मग ही वाच.

लोभ असेल तर ये.

तुझी,
ताई

मुख्य कार्यालय
ता. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचली.

मोजणीसाहेबांना शोधून काढलं, फोन केला. त्यांनी तीनदा कळवलेलं माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा हिरवा ठिपका झाला होता. आज संचालक मंडळापुढे उभा राहिलो आणि गाळ टाकणं थांबवा, वसाहत रिकामी करा असं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचार करू म्हणाले. ताई, ती भाषा मला आता नीट येते.

मंत्री असताना मी सही केली, राजदूत असताना सौदा जुळवला, अध्यक्ष होऊन छातीवर हात मारला. ती भिंत मी एकट्यानेच तीनदा वाढवली आहे. मला स्वतःची लाज वाटते.

मी तुझ्याकडे राहायला येतोय. त्यांना सांगून टाकलंय की अध्यक्षांचा मुक्काम आजपासून बांधाखाली. बघू, आपल्याच अध्यक्षाच्या डोक्यावर गाळ ओततात का. मागची खोली झाडून ठेव. चहा पूर्ण पिईन.

तुझा,
भाऊ

वरच्या गावातली शाळा
ता. ६ एप्रिल

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याचा निरोप आला. बाळंतपण होईपर्यंत तुला काही कळवू नका, असा त्याचा आग्रह आहे. तो डॉक्टर आहे, त्याचं त्याच्या जागी बरोबर असेल. बाबांचं कसं आहे म्हणून तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी सकाळी लिहायला घेतलं. बाबा झोपलेत, उठले की लिहितील, एवढं लिहून झालं आणि मला माझ्या आईचं अक्षर दिसलं. कागद फाडला. हा दुसरा.

पोरी, खाली बसून वाच. पोटावर हात ठेव.

तुझे बाबा माझ्याकडे आले ते एक बॅग घेऊन. मागच्या खोलीत त्यांनी खाट स्वतः लावली, चादरीला फौजेसारखी कडक घडी घातली. मी चेष्टा केली. रोज सकाळी ते कंपनीला फोन करायचे की मी अजून इथेच आहे. पहिले काही दिवस गाळ टाकणं खरंच बंद होतं. आम्हाला वाटलं जमलं. मग एका सकाळी चहा पिताना तिकडूनच फोन आला. मंडळाने त्यांना अध्यक्षपदावरून काढलं होतं, प्रकृतीच्या कारणाने. कंपनीची गाडी आणि पहारेकरी दुपारच्या आत परत गेले, आणि संध्याकाळी गाळ ओतणारे वरचे पाइप पुन्हा वाहू लागले. तुझे बाबा हसले. चांगलं मोकळं हसले. म्हणाले की ताई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कसलंच पद नाही, आता लोक मला खरं सांगतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दारोदार गेलो. चला, वरच्या गावात चला, म्हणून हात जोडले. त्यांनी, ज्यांनी हुकूम देण्याशिवाय कधी तोंड उघडलं नाही. लोक म्हणायचे की साहेब, गालिच्यावर उभं राहून तुम्हीच तर सांगितलंत. ते प्रत्येक दारात म्हणायचे, मी चुकीचं सांगितलं. तेच वाक्य, प्रत्येक दारात. बायका रडायच्या, पुरुष शिव्या द्यायचे, पण पोरांना घेऊन निघायचे. त्यामुळे माणसं वाचली, हे मी तुला शपथेवर सांगते. या शाळेच्या वर्गांत आता आमची अख्खी आळी झोपते.

फक्त ड्रिलवाले निघेनात. दम्याने चालवत नव्हतं, आणि हट्टही होता. तुमच्या शब्दावर बसलो होतो, आता त्याच शब्दावर मरतो, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मी सगळ्यांबरोबर चढावर होते. तुझे बाबा परत वळले. मी हाक मारली, तर हात हलवून पुढे जायची खूण केली. लहानपणी शाळेच्या वाटेवर मी त्यांना करायचे तशी.

भर उन्हाची वेळ होती. आधी आवाज नव्हता. आमच्या घराच्या मागच्या बाजूने भिंत बसली, नुसती खाली बसली, आणि मग राखाडी गाळ आळीवर चालत आला. मी तुझ्या बाबांना त्या क्षणी पाहिलं. ड्रिलवाल्यांना पाठीवर घेऊन ते रस्त्यात होते. धावत नव्हते. त्यांच्या वयाला तेवढं वजन घेऊन धावता येत नाही. नंतर मी पाहिलं तेव्हा रस्ताच नव्हता.

काल दोघे सापडले, एकमेकांजवळ. मी स्वतः तुझ्या बाबांचा चेहरा धुतला. कानामागे गाळ बसला होता तो ओल्या बोटाने काढला. कंपनीचा माणूस हार घेऊन आला होता, माजी अध्यक्षांसाठी. त्याला मी आत येऊ दिलं नाही.

मला खूप राग आहे. कंपनीवर आहे, तुझ्या बाबांवर आहे, माझ्यावर तर आहेच. पुदिना लिहिला, चिखल नाही लिहिला. तुला हे सगळं आत्ताच सांगितलं म्हणून तुझा नवरा रागावेल. रागावू दे. मी आयुष्यभर बाळंतिणी पाहिल्यात. वाईट बातमीने त्या रडतात आणि पुन्हा उठतात. उंबऱ्यावर उभं राहून बाबा अजून झोपलेत का असं विचारणारं माणूस मात्र मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही.

मी तुझ्याकडे येतेय. पण मी पोचेपर्यंत दोन ओळी लिही. रडलीस तर रडले म्हणून लिही, दुखत असेल तर कुठे दुखतंय ते लिही. सर्व खुशाल असं मात्र लिहू नकोस.

तुझी,
आत्या